दातांचा विमा नसताना घरातल्या सगळ्यांचे दात कसे सांभाळायचे?

दातांच्या बाबतीत आपल्याकडे जवळजवळ सगळेच विम्याबाहेर आहेत. ज्यांच्याकडे दहा लाखांची आरोग्य पॉलिसी आहे तेसुद्धा. घरातली पॉलिसी काढून 'वगळलेल्या बाबी' असं लिहिलेलं पान वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये तिथे दातांचे उपचार सापडतील. अपघातात जबड्याला मार लागला तर कंपनी पैसे देते, पण किडलेल्या दाढेला देत नाही. काही कंपन्या ओपीडीचं (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं) जादा कव्हर विकतात. ते घेण्याआधी वर्षाची मर्यादा आणि हप्ता शेजारी-शेजारी मांडून बघा, पुष्कळदा दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

सरकारी योजनांचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन त्यात बसतं; दाढ भरणं, रूट कॅनल (दाताची खराब नस काढून आतली पोकळी भरणं), कॅप, कवळी हे बसत नाही. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत राखलेल्या असतात. त्या हक्काचा उपयोगही मुख्यतः दाखल व्हायची वेळ आली तरच होतो.

म्हणून पुण्यातल्या साध्या कुटुंबाने हा खर्च स्वतःच्याच खिशातून होणार असं धरून चालावं. तो नीट आखला तर झेपतो, आणि तो झेपतो की नाही हे बरंचसं आपण कधी जातो आणि कुठे जातो यावर ठरतं. दोन्ही गोष्टी पुढे सविस्तर सांगतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. घरातल्या कुणाचा ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता, कापला जातो का? भोसरी-चाकणच्या कंपन्यांतले कामगार, सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगच्या बायका, मॉलमधले विक्रेते अशा कितीतरी जणांच्या पगारातून तो जातो आणि त्यातून काय मिळतं हे घरी कुणालाच ठाऊक नसतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू होते. कामगाराचे पाऊण टक्का कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १८,००० पगार असेल तर तुमचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५. त्या पैशांत नवरा किंवा बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यावरही उपचार होतात, दातांचे मूलभूत उपचार धरून. बिबवेवाडीला ईएसआयचं रुग्णालय आहे आणि चिंचवडला मोहननगरमध्ये राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. पगाराच्या पावतीवर कपात दिसत असेल तर एचआरकडून विमा क्रमांक मागून घ्या आणि कुटुंबातल्यांची नावं जोडली आहेत का ते तपासा. नावं जोडलेली नसल्यामुळे दारातून परत फिरावं लागणं ही या योजनेतली फार सामान्य गोष्ट आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सीजीएचएस आणि माजी सैनिकांना ईसीएचएस या आरोग्य योजना असतात, त्यांनी आधी तिथेच विचारावं.

बिल वाढतं कसं

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरात त्याहून कठीण काही नाही. पण त्यात नसा नसतात, त्यामुळे ते झिजताना आणि किडताना काहीही दुखत नाही. दातावर साचलेल्या चिकट थरातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमलमधले क्षार विरघळवतं. लाळ हे नुकसान थोडं थोडं भरून काढत असते, पण तिला वेळ लागतो. दर तासाला चहा-बिस्किट, मधेच वेफर्स, मग चॉकलेट असं चालू राहिलं की लाळेला ती फुरसत मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त भोवतं. जेवणाबरोबर खाल्लेली पुरणपोळी दिवसभर चघळलेल्या गोळ्यांपेक्षा परवडते.

सुरुवातीला दातावर खडूसारखा पांढरट डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइडची पेस्ट, रात्रीचं ब्रशिंग आणि डॉक्टरांनी लावलेलं फ्लोराइडचं वार्निश एवढ्यावर कीड थांबू शकते. खर्च काहीशे रुपये. डाग काळा पडून खड्डा झाला की दात भरावा लागतो आणि पुण्यातल्या साध्या खाजगी दवाखान्यात त्याला साधारण ८०० ते २,००० रुपये पडतात. कीड आतल्या थरात, डेंटिनमध्ये गेली की थंड पाण्याने कळ येते. हा फुकट मिळालेला इशारा असतो. त्या आठवड्यात गेलात तर अजूनही बहुतेक वेळा फिलिंगवर भागतं.

त्यानंतर कीड मधल्या नसेपर्यंत पोहोचते. मग रात्री आडवं झालं की ठणका सुरू होतो, गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही. आता रूट कॅनल. त्याला ४ ते ८ हजार आणि वर कॅपचे ३ ते १२ हजार, कॅप कशाची त्यावर अवलंबून. आणि मग येते सगळ्यात फसवी वेळ. ठणका एके दिवशी आपोआप थांबतो. घरचे म्हणतात, 'बरं झालं, उतरलं.' खरं तर आतली नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाशी हाडात घर करत असतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी येते किंवा गाल सुजतो, आणि तोवर पुष्कळदा दात वाचवण्यापलीकडे गेलेला असतो. दात काढायला पाचशे ते दीड हजार लागतात, पण त्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचं म्हटलं तर एका दाताला २५ ते ४५ हजार.

हे आकडे भागानुसार आणि दवाखान्यानुसार हलतात. पण त्यांच्यातलं प्रमाण सगळीकडे सारखंच आहे: एका टप्प्यावर टाळाटाळ केली की पुढचं बिल कितीतरी पटीने वाढतं. दुखत नसताना वर्षातून एकदा सगळ्या घराने दात दाखवून यावं असं मी इतक्या आग्रहाने म्हणतो त्याचं कारण हेच. त्या तपासणीला माणशी दोन-तीनशे रुपये पडतात, आणि डेंटल कॉलेजात किंवा सरकारी दवाखान्यात तेवढेही नाहीत.

अँटिबायोटिकबद्दल इथेच बोलतो. दाढ दुखली की मेडिकलवाल्याकडून गोळ्यांची पट्टी आणायची सवय आपल्याकडे फार आहे. नसेचा दाह अँटिबायोटिकने बरा होत नाही, कारण दाताच्या आतल्या बंद पोकळीत औषध नीट पोहोचतच नाही आणि किडलेला भाग तर जागचा हलत नाही. तीन वेळा आणलेल्या पट्ट्यांच्या पैशात वेळेवर एक दात भरून झाला असता. वेदनाशामक गोळी रात्र काढण्यापुरती ठीक, लवंगेचं तेलही तेवढ्यापुरतंच. गालावर किंवा हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, तिथली त्वचा भाजते.

सहा वर्षांची दाढ

मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसा एका गैरसमजात वाया जातो: 'दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.' पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांपासून पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकून जागा खातात आणि मग पुढे दात सरळ करायला तारा लावायचा खर्च येतो.

आणि सहाव्या वर्षाच्या आसपास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे हळूच एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. ती कायमची असते. पण काहीच पडलं नाही म्हणून आईबाबांना ती दुधाचीच वाटते. तिच्या वरच्या बाजूला खोल खाचा असतात, त्यात बिस्किटाचा लगदा अडकतो आणि दोन-तीन वर्षांत ती किडते. दहा-बारा वर्षांच्या मुलाची रूट कॅनल करायची वेळ येते ती बहुतेक या दाढेची. ती आल्याबरोबर तिच्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवता येतात. भूल लागत नाही, टोचणं नाही, दहा मिनिटांचं काम. एका मुलाच्या चारही दाढा मिळून त्याचा खर्च एका रूट कॅनलच्या जवळपासही जात नाही. घरात पाच ते सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात सगळ्यात मागे बघा.

पेस्ट निवडताना जाहिरात बाजूला ठेवा आणि खोक्यावर फ्लोराइड किती ते वाचा. १,००० पीपीएमच्या आसपास हवं. पुष्कळ 'आयुर्वेदिक' आणि 'हर्बल' पेस्टमध्ये ते नसतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रशभर पट्टा काढायची गरज मोठ्यांनाही नाही. रात्री झोपताना घासून फक्त थुंकायचं, खळाखळा चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश दिला तरी शेवटचा हात आईने किंवा बाबांनी फिरवावा. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. पुढचे चारही दात किडलेली दोन वर्षांची मुलं मी बघितली आहेत. एवढ्याशा जिवाला तो ठणका सांगतासुद्धा येत नाही, ते फक्त जेवायचं सोडतं.

सरकारी आणि अनुदानित शाळांत, तसंच अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात. त्या तपासणीत दातांची कीडही बघतात आणि पुढचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत होतात. शाळेतून चिठ्ठी आली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

डेंटल कॉलेज: काय मिळतं, काय मोजावं लागतं

सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पुण्यातली कॉलेजं संस्थांची आहेत, पण शहराच्या निरनिराळ्या बाजूंना विखुरलेली आहेत ही आपली मोठी सोय. धनकवडीला भारती विद्यापीठाचं, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवालांचं, पिंपरीला डी. वाय. पाटलांचं. तिथे उपचार स्वस्त का असतात हे समजून घेतलं की मनातली भीती जाते. विद्यार्थ्याला पास होण्यासाठी ठरावीक संख्येने फिलिंग, रूट कॅनल, कवळ्या पूर्ण करून दाखवाव्या लागतात. त्याला पेशंट हवा असतो आणि आपल्याला परवडणारा उपचार. दर बाहेरच्या निम्म्याहूनही बरेच कमी असतात.

'शिकाऊ पोरं आपल्यावर हात साफ करणार का?' हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. तिथे प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन तपासतात. कीड पूर्ण निघाली का हे बघितल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढे जाता येत नाही. सोपी कामं बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या पदवीच्या, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी आणि इंटर्न करतात. दाढेचं रूट कॅनल, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, तारा अशी अवघड कामं एमडीएस करणारे करतात. ते आधीच डिग्री घेतलेले डॉक्टर असतात आणि त्याच एका शाखेत तीन वर्षं घालवत असतात. अवघड दाढेसाठी मी माझ्या माणसाला निःशंकपणे तिथे पाठवेन.

पद्धत अशी: सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. पहिल्यांदा निदान विभागात सगळं तोंड तपासतात, एक्स-रे काढतात आणि मग ज्या त्या विभागाची चिठ्ठी देतात. मुलांचा विभाग वेगळा, हिरड्यांचा वेगळा, कवळीचा वेगळा. पहिला दिवस बराचसा यातच जातो, त्या दिवशी उपचार होतीलच असं धरू नका. तुमच्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव आणि विभाग केसपेपरवर लिहून घ्या आणि पुढची तारीख विचारूनच निघा. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात कामं रेंगाळतात, म्हणून 'तुमच्या परीक्षा कधी आहेत?' हे पहिल्याच दिवशी विचारावं. कॅप आणि कवळीला लॅबचा खर्च वेगळा असतो, तोही आधी विचारायचा.

कॉलेजात पैशांऐवजी वेळ जातो, आणि तो वेळही हिशेबात धरला पाहिजे. रोजंदारीवर दिवसाला आठशे मिळवणाऱ्या माणसाचे एका फिलिंगसाठी दोन अर्धे दिवस गेले तर त्याची एक रोजची मजुरी गेली. एवढ्यात घराजवळच्या दवाखान्यात संध्याकाळी काम आटोपून तो दात भरला असता. म्हणून माझं मत असं: एखादं छोटं फिलिंग जवळच्या दवाखान्यात करा, रूट कॅनल, पूर्ण कवळी, तारा आणि मुलांची बरीच कामं एकदम असतील तर कॉलेजात जा. जिथे पाच-दहा हजार वाचतात तिथे चार खेपा सार्थकी लागतात.

सरकारी रुग्णालयांचा मार्गही आहे. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे आणि या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे थोडं शुल्क लागतं. महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय मंगळवार पेठेत, पिंपरी-चिंचवडकरांसाठी वायसीएम रुग्णालय. अशा ठिकाणी तपासणी, दात काढणं, साफसफाई, साधं फिलिंग होतं. कॅप आणि कवळीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. ज्यांना शुगर, बीपी, हृदयाचा आजार आहे किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी दात काढायला मोठ्या रुग्णालयातच जावं, कारण तिथे बाकीचे डॉक्टर त्याच आवारात असतात.

खाजगी दवाखान्यात बोलायचं कसं

खाजगी डॉक्टरांचा खर्चही खरा असतो: जागेचं भाडं, खुर्ची, निर्जंतुकीकरण, लॅब. घासाघीस करण्यापेक्षा प्रश्न विचारणं जास्त उपयोगी पडतं, आणि चांगला डॉक्टर त्याचं वाईट मानत नाही. सरळ म्हणावं, 'डॉक्टर, माझं बजेट एवढं आहे. यातलं आत्ता केलंच पाहिजे असं काय आहे? सहा महिने थांबलं तरी चालेल असं काय आहे?' आणि उपचारांची यादी दरासहित कागदावर मागावी. दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर एक्स-रेही मागून घ्या. तो तुम्ही पैसे देऊन काढलेला असतो, पुन्हा काढायची गरज नाही.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी दुखणं आणि पू. मग कीड आणि हिरड्यांचा आजार थांबवणं. त्यानंतर कॅप आणि गेलेले दात. पांढरे करणं, फटी बुजवणं हे सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलं की खर्च आपोआप पाच-सहा महिन्यांवर पसरतो.

पैसे वाचवायची रास्त जागा म्हणजे कॅप. मागच्या दाढेवर धातूची कॅप उत्तम चालते आणि वर्षानुवर्षं टिकते. तिथे महागड्या, दातासारख्या दिसणाऱ्या झिर्कोनियाच्या कॅपची गरज नसते, कारण तोंड उघडून तिथपर्यंत कुणी बघत नाही. पण रूट कॅनलनंतर कॅपच न बसवणं ही बचत नाही. आतून पोखरलेली दाढ भाकरीच्या कडक तुकड्यानेही उभी चिरते, आणि चिरली की काढावीच लागते. दात काढायचा निर्णयही प्रत्येक वेळी चुकीचा नसतो. शेवटची दाढ असेल, पैसे नसतील, तर ती काढून जागा तशीच ठेवली तरी पुष्कळांचं नीट चालतं. सहा वर्षांची दाढ आणि पुढचे दात वाचवण्यासाठी मात्र जमेल तेवढं करावं. इम्प्लांट परवडत नसेल तर काढता-घालता येणारा दात काही हजारांत होतो. त्याला कमी लेखू नये.

'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी बघून सही करू नका. आधी रोख दिले तर किती आणि हप्त्याने किती हे विचारा, प्रक्रिया शुल्क विचारा. पुष्कळ डॉक्टर स्वतःच दोन-तीन टप्प्यांत पैसे घेतात. फायनान्स कंपनीच्या कर्जापेक्षा ते कधीही बरं. आणि बिलात रूट कॅनलवर किंवा फिलिंगवर जीएसटी लावला असेल तर का ते विचारा. उपचाराच्या सेवेवर जीएसटी नाही, तो केवळ सौंदर्यासाठी केलेल्या कामांवर लागतो.

फारच स्वस्तात, एका बैठकीत, पक्के दात बसवून देतो म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी भिंतीवर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. नोंदणी नसताना दातांचे उपचार करणं हा गुन्हा आहे. असे लोक शेजारच्या दातांना तारेने आणि सिमेंटने नवा दात चिकटवतात. खाली अन्न कुजतं आणि दोन चांगले दातही हलायला लागतात.

एका घराचं वर्ष

समजा, सिंहगड रस्त्यावर राहणारं पाच जणांचं घर आहे. बाबा टेम्पो चालवतात, त्यांची दाढ रात्री ठणकते. आई स्वयंपाकाची कामं करते, तिच्या हिरड्यांतून रक्त येतं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. आजींना मधुमेह आहे, वर्षानुवर्षांची मशेरीची सवय आहे आणि पुढचे चार दात हलतात. सगळे मिळून एका दवाखान्यात गेले आणि सगळ्याचा एकदम अंदाज मागितला तर पन्नास हजारांच्या पुढचा आकडा ऐकून घरी परततील आणि पुन्हा कुणीच जाणार नाही.

त्याऐवजी पहिल्या महिन्यात बाबांची दाढ आणि मुलाच्या नव्या दाढांवर सीलंट, दोन्ही कॉलेजात. आईची साफसफाई त्याच खेपेत. दात साफ केल्याने सैल होतात हा समज खोटा आहे. दगडासारखा साचलेला थर हिरडी आणि हाड खातो, तो काढला की आधीच झालेलं नुकसान उघडं दिसतं एवढंच. बाबांची धातूची कॅप दुसऱ्या महिन्यात. मुलीची दोन फिलिंग दिवाळीच्या सुट्टीत. आजींची शुगर आधी आटोक्यात आणायची, कारण शुगर वाढलेली असताना हिरड्या बऱ्या होत नाहीत आणि हिरड्या सुजलेल्या असताना शुगरही हट्टीपणा करते. मग हलणारे दात जिल्हा रुग्णालयात काढायचे. हाड भरून यायला दोन-तीन महिने लागतात, कवळी त्यानंतर. म्हणजे सगळ्यात मोठा खर्च आपोआपच वर्षाच्या शेवटी जातो. कवळीला माप, बारीक माप, चाव्याची नोंद, मेणात बसवून बघणं आणि शेवटी घालणं अशा चार-पाच खेपा लागतात. आजींबरोबर कोण जाणार हे आधी ठरवा, नाहीतर तिसऱ्या खेपेला काम अर्धवट राहतं.

यासाठी महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकावेत. बँकेत वर्षाची आरडी करा किंवा भिशीचा एक नंबर दातांच्या नावाने ठेवा. वर्षाला सहा हजार होतात. एकदा जुनी कामं संपली की पाच जणांच्या तपासण्या, मोठ्यांची साफसफाई आणि एक-दोन फिलिंग यात बसतात. आजींच्या खर्चाबद्दल आणखी एक: साठ वर्षांवरच्या व्यक्तीचा आरोग्यविमा नसेल आणि तिच्या उपचाराचा खर्च मुलगा करत असेल, तर जुन्या करप्रणालीत ५० हजारांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चावर आयकरात वजावट मिळते. त्यासाठी पैसे रोख न देता यूपीआय, कार्ड किंवा चेकने द्यायचे आणि पावती ठेवायची.

मशेरीवर थोडं थांबतो. आपल्या घरांतल्या कितीतरी आज्या, मावश्या, काकू तिला दात घासायची पूड समजतात. ती भाजलेली तंबाखू आहे. हिरडीतून निकोटिन शोषलं जातं, म्हणून ती लावल्याशिवाय करमत नाही, आणि तिने हिरड्या मागे सरकतात व तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यांना रागावून ती सुटत नाही. 'आजी, फ्लोराइडची पेस्ट आधी, मशेरी दिवसातून एकदाच' इथून सुरुवात करा आणि त्यांच्या गालाच्या आतली बाजू, जीभ, जिभेखालची जागा महिन्यातून एकदा उजेडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं यातलं काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा. हेच गुटखा-सुपारी खाणाऱ्या भावाला आणि मामालाही लागू आहे. वेळेत कळलं तर ऑपरेशन छोटं होतं आणि ते जन आरोग्य योजनेत बसतं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

गरोदर बाईचे दात बाळंतपणानंतर बघू असंही म्हणू नका. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेक उपचार सुरक्षितपणे होतात. पुवाची दाढ घेऊन नऊ महिने काढणं दोघांच्याही हिताचं नाही.

आणि एक वेळ अशी आहे की तेव्हा वरचा कुठलाही हिशेब करायचा नाही. दाढेपासून सुरू झालेली सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे पसरली, ताप आला, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. हा संसर्ग काही तासांत श्वासमार्ग दाबू शकतो. १०८ ला फोन लावा किंवा ससूनच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट न्या, आणि आत शिरताच सांगा की सूज दाढेपासून सुरू झाली आहे आणि आता गिळता येत नाहीये.